थायोमर्सल आणि तांदळातल्या टिकड्या

बाटली माझ्या अंगठ्याएवढी होती आणि तिच्यावरचं लेबल त्याहून लहान. त्या लेबलावर मुंगी चालत गेल्यासारख्या बारीक अक्षरांत इंग्रजी ओळी छापलेल्या असत. आधी धनुर्वाताच्या लसीचं नाव. मग अॅल्युमिनियमच्या कुठल्याशा क्षाराचं. आणि सगळ्यांत खाली, जागा उरली म्हणून टाकल्यासारखं, थायोमर्सल. त्याच्यापुढे शून्य पूर्णांक शून्य एक टक्का. म्हणजे दहा हजार भागांत एक भाग. जे सगळ्यांत कमी, त्याचं नाव सगळ्यांत अवघड. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. या एका शब्दानं मला जेवढं पिडलं तेवढं माझ्या सासूनंही पिडलं नाही, आणि माझी सासू काही साधी बाई नव्हती.

ही गोष्ट ऐंशीच्या आसपासची. मी नर्स होते. लाखांदूरहून धानाच्या बांध्यांमधून जी एसटी जायची, तिच्या शेवटच्या थांब्याच्या अलीकडे एक गाव होतं, तिथे माझी नेमणूक. नवरा पवनीकडे शाळेत मास्तर, मी इकडे. दर बुधवारी आरोग्य केंद्रातून बर्फ भरलेल्या थर्मासात लस आणायची, काचेची सिरिंज स्टोव्हवर उकळायची आणि गरोदर बायांना धनुर्वाताची सुई टोचायची. पहिली सुई, मग महिन्यानं दुसरी. दोन्ही झाल्या तरच पोटातल्या लेकराला उपयोग, हे मी इतक्यांदा सांगितलं असेल की झोपेतही माझ्या तोंडून तेच निघत असावं.

माझी खोली एका शेतकऱ्याच्या घरात होती. घरची मालकीण साठीकडे झुकलेली. सगळं गाव तिला माय म्हणायचं, मीही म्हणायला लागले. घरात माय, तिचा मुलगा आणि सून. मुलगा दिवसभर शेतात असायचा आणि घरात त्याला मत नव्हतं. सून पाचव्या महिन्यात होती. आदल्या वर्षी, मी यायच्या आधी, तिला पहिलं लेकरू झालं होतं. आठव्या दिवशी त्यानं दूध सोडलं, जबडा घट्ट मिटला, अंग धनुष्यासारखं ताठलं आणि ते गेलं. मायचेही दोन असेच गेले होते. गाव म्हणायचं लागीर, भुताची बाधा. मला तो सरळ धनुर्वात दिसत होता. मी विचारलं, नाळ कशानं कापली होती? माय म्हणाली, "इळ्यानं. अजून कायनं कापतेत?" धान कापायचा विळा, लुगड्याच्या पदराला पुसलेला. मी कपाळावर हात मारून घेतला. या खेपेला तरी हे लेकरू वाचलंच पाहिजे, असं मी त्याच दिवशी मनाशी धरलं, आणि कुणी न विचारता ती जबाबदारी अंगावर घेतली.

पहिली सुई बिनबोभाट झाली. पण सुनेचा दंड सुजला, गाठ आली, रात्री अंग तापलं. तसं होतं, दोन दिवसांत जातं. तिसऱ्या दिवशी गेलंही. पण माय माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, त्या बाटलीत काय काय टाकलं हाये?"

"धनुर्वाताचं औषध आहे, माय."

"औषध त हायेच. त्याच्यात अजून काय टाकलं, ते इचारून राहिली."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि तो मायनंच का विचारावा, हे तिच्या घरात राहिलेल्या माणसालाच कळेल.

मायच्या घरी धान बांबूच्या, शेणानं सारवलेल्या ढोलीत असायचं आणि खायचे तांदूळ पत्र्याच्या कोठीत. तांदळात किडे होऊ नयेत म्हणून कोठीत पाऱ्याच्या टिकड्या टाकलेल्या असत. सदऱ्याच्या बटणाएवढी, करड्या रंगाची टिकडी. बाजारात जडीबुटीवाला पारा घोटून त्या बनवायचा आणि विकायचा. कोठीत जितक्या टिकड्या तितक्या गेरूच्या रेघा कोठीच्या अंगावर. कुणाला तांदूळ द्यायचे झाले तर देणारीनं तोंडानं सांगायचं, "दोन गेल्या हायेत." घेणारीनं सुपात पसरून दोन शोधायच्या आणि मगच तांदूळ धुवायचे. एकदा शेजारच्या घरी न सांगता गेलेली टिकडी भातात शिजली. तो भात भांड्यासकट उकिरड्यात पुरला आणि दोन घरांतलं बोलणं जे बंद झालं ते मी तिथे होते तोवर बंदच होतं. टिकडी सांगून द्यायची, हा त्या गावचा कायदा होता. आणि पोटुशी बाई असेल तर तिनं कोठीत हातच घालायचा नाही. मायची सून पहिल्या महिन्यापासून कोठीच्या खोलीकडे फिरकत नव्हती. तांदूळ माय काढून द्यायची.

तर माय माझ्याकडे टिकडी मोजायलाच आली होती. पण हे मला तेव्हा कळलं असतं तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

मी मोठ्या तोऱ्यात बाटली काढली आणि लेबल वाचायला घेतलं. पहिलं सांगितलं. दुसरं, अॅल्युमिनियमचं, सांगितलं, म्हटलं, तुमच्या जर्मनच्या भांड्याचा भाऊबंद आहे. तिसऱ्याशी अडले.

"हे काय हाये?"

"हे एक असतं."

"एक काय असते?"

मला माहीत नव्हतं. ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. मायनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की ही बाई लोकांच्या अंगात काय घालते ते हिलाच ठाऊक नाही. ती नजर मला झोंबली. खरं सांगायचं तर इथून पुढचं सगळं त्या झोंबण्यामुळे झालं.

पुढच्या बुधवारी मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर तरुण होते, त्यांना बदली हवी होती आणि दुसऱ्या कशातही त्यांचं लक्ष नव्हतं. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला टोचायला नेमलंय की बाटल्या वाचायला?" तिथल्या कंपाउंडरना विचारलं. ते म्हणाले, "प्रिझर्वेटिव्ह असते ते, लोणच्यात तेल टाकतो तसं." म्हटलं, पण ते तेल कशाचं? ते म्हणाले, "इतकं खोलात कायले जाता?" उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना उंटावरून उतरायला सांगितलं की असाच राग येतो.

शेवटी उत्तर मिळालं ते परतीच्या एसटीत. शेजारी हायस्कूलचे विज्ञानाचे एक मास्तर बसले होते, निवृत्तीला आलेले. मी चिठ्ठीवर लिहून आणलेला शब्द त्यांना दाखवला. त्यांना एवढा आनंद झाला, जसं काही कुणीतरी वीस वर्षांनी त्यांना त्यांचा विषय विचारला. त्यांनी शब्दाचे तुकडे केले. थायो म्हणजे गंधक. मधलं मर् म्हणजे मर्क्युरी, पारा. शेवटचं सल म्हणजे सॅलिसिलिक नावाच्या आम्लाच्या घराण्यातलं. "म्हणजे गंधक आणि पारा बांधून केलेला क्षार," ते म्हणाले. "एका बाटलीतून दहा बायांना टोचता ना तुम्ही? दहादा सुई आत जाते. एखादवेळी सुईबरोबर जंतू आत गेला तर तो तिथे वाढू नये म्हणून हे. फार थोडं असतं, अपाय नाही." आणि मग माझा थांबा येईपर्यंत ते गंधकाविषयी बोलत राहिले.

मी उतरले ती तरंगतच. किती सोपं होतं! आणि सांगायला किती सोयीचं! साऱ्या गावाच्या कोठीत पाऱ्याची टिकडी आहे आणि माझ्या बाटलीतही पाराच आहे, त्याच कामासाठी. किडा होऊ नये म्हणून. असा दाखला एखाद्या मोठ्या डॉक्टरला सुचला नसता. मी पिशवीही खाली ठेवली नाही. अंगणात माय तूर पाखडत बसली होती, सून चुलीपाशी. मी उभ्या उभ्याच सुरू केलं.

"माय, त्या दिवशी विचारलं होतं ना? सापडलं. त्याला थायोमर्सल म्हणतात. त्यात पारा असतो. तुमच्या तांदळात टिकडी असते ना, अगदी तसं! औषधात किडा होऊ नये म्हणून."

मायचं सूप थांबलं. सुनेनं दंडावर हात ठेवला, जिथे गाठ आली होती तिथे. दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसले. हात दाखवून अवलक्षण. करायला गेले गणपती, झाला मारुती.

"किती टिकड्या?" मायनं विचारलं.

"टिकडी नाही हो. टिकडीचा कण पण नाही. कणाचा कण."

"मंग ते काढून टोचता का तुमी?"

"ते काढता येत नाही, माय. पाण्यात विरलेलं असतं."

"तांदळातून आमी काढतो. मोजून काढतो." माय शांत होती, हेच वाईट होतं. "माही सून कोठीले हात लावत नाही, आणि तुमी तिच्या आंगात घातला पारा. आता दुसरी सुई नको."

मी बोलले, मग पुष्कळ बोलले. दहा हजारात एक म्हणजे किती ते सांगितलं. दहा हजार तांदळाचे दाणे मोजा आणि त्यातला एक उचला, इतकंच. माय म्हणाली, "एकच टिकडी शिजली होती शेजारच्या घरी." म्हटलं, टिकडीचा पारा वेगळा, बाटलीतला वेगळा, तो बांधलेला आहे. म्हणाली, "जडीबुटीवाला पण तेच सांगते का पारा बांधलेला हाये." मी चिडून म्हटलं, माय, तुमचे दोन गेले, हिचं एक गेलं, अजून किती जाऊ द्यायचे? हे बोलायला नको होतं. मायनं सूप उचललं आणि ती घरात गेली. त्या दिवशी मला वरणाची वाटी आली नाही. एरवी रोज यायची.

मला तिचा राग आला, पण तिच्यावर रागावताही येईना, हा खरा वैताग होता. ती अडाणी असती तर मी तिला अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. ती तर माझ्याहून हुशारीनं बोलत होती. देणाऱ्यानं सांगून द्यावं, घेणाऱ्यानं काढून घ्यावं, जे काढता येत नाही ते पोटुशीला देऊ नये. यात चूक कुठे आहे ते मला दाखवता येत नव्हतं, आणि तरी तिचं लेकरू त्या बरोबर बोलण्यामुळे मरणार होतं.

दुसऱ्या दिवशी बोडीवर, गावच्या छोट्या तळ्यावर, धुणं धुताना गावभर झालं की नर्सबाईच्या सुईत पारा आहे. पुढच्या बुधवारी नेहमीच्या निम्म्या बायाही आल्या नाहीत. ज्या आल्या त्या विचारत होत्या, "काहून बाई, टिकडी हाये म्हणतेत?" मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं सांगायला? आता जा आणि सांगा पारा नाही म्हणून." म्हटलं, पण आहे ना? ते म्हणाले, "मग बसा आता सत्य धरून." त्यांच्यावर मी आठ दिवस चिडून होते, कारण ते बरोबर बोलले होते.

महिना झाला. दुसऱ्या सुईची तारीख गेली. मी रोज एकदा तरी विषय काढायची आणि माय रोज एकदा तरी सूप उचलून आत जायची. पालथ्या घड्यावर पाणी. सून मध्ये काही बोलत नसे. एकदा मात्र विहिरीवर एकटी सापडली तेव्हा हळूच म्हणाली, "बाई, तुमी आत्याबाईले मनवा न. माह्यानं ते आठ दिवस पुन्हा नाही पाहवनार." एवढं बोलून तिनं घागर डोक्यावर घेतली. पोट पुढे आलं होतं, चाल जड झाली होती.

त्यातच समजलं की बाळंतपण माहेरी होणार. सुनेचं माहेर एकोडीकडच्या एका खेड्यात. पहिल्याला इथे वाईट झालं म्हणून आता तिकडे. म्हणजे माझ्या उकळलेल्या ब्लेडची, माझ्या धुतलेल्या हातांची आशाही गेली. तिथली सुईण कोण, विळा कुठला, काही माझ्या हातात नव्हतं. हातात फक्त ती एक सुई. ती एसटीत बसायच्या आधी गेली पाहिजे. नववा लागायच्या आधी निघायचं ठरलं होतं. माझ्याकडे दोनच बुधवार होते. पहिला असाच गेला. दुष्काळात तेरावा महिना तसा त्या दिवशी बर्फही वितळलेला मिळाला.

दुसऱ्या बुधवारी लसीच्या नव्या बाटल्या आल्या. बनवणारे दुसरे, लेबल निळ्याऐवजी तांबडं. मला सवय लागली होती, मी आधी खालची ओळ वाचली. तिथे थायोमर्सल नव्हतं. तिथे होतं थायमेरोसाल. मला वाटलं माझे डोळे गेले. कंपाउंडरकडे धावले. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि हसले.

"एकच हाये ते. इंग्रज असं लिहिते, अमेरिकन तसं लिहिते."

"पण का?"

"मले काय इचारता? त्याहिले इचारा." मग त्यांनी आवाज खाली केला. "बाई, तुमचं काम झालं समजा. गावात सांगा का औषध बदललं. त्या नावाचं याच्यात नाही. खोटं थोडंच हाये?"

परतीच्या एसटीत थर्मास मांडीवर घेऊन मी साऱ्या जगावर चिडले. एका पदार्थाला दोन नावं ठेवणाऱ्या साहेबांवर, डॉक्टरांवर, मायवर, आणि सगळ्यांत जास्त त्या हौशी नर्सबाईवर, जिला एका शब्दाचा अर्थ हवा होता. कुणाला नको होता, हिलाच हवा होता! आणि आता तोच शब्द दुसरे कपडे घालून आला होता आणि मला म्हणत होता, घे, उचल मला, खोटं बोल. खोटंही नाही. लेबलावर ते नाव नाही, हे तर खरंच होतं. असलं खरं बोलण्यापेक्षा सरळ खोटं बोललेलं बरं, हे तेव्हाही मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेची पेटी ओसरीवर आली होती. दहाची एसटी. मी स्टोव्ह पेटवला, सिरिंज उकळली, बाटली घेऊन बाहेर आले. माय सुनेच्या पदरात वाटेसाठी चिवडा बांधून देत होती.

"माय, नवीन बाटली आली." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "यात ते नाही."

मायनं हात पुढे केला. मी बाटली दिली. तिनं ती उजेडात धरली, फिरवली, हलवली. तळाशी बसलेला पांढरा गाळ वर आला आणि पाणी दुधाळ झालं. तिनं झाकण पाहिलं, तांबडं लेबल पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

"हे तुमी वाचून सांगून राहिल्या?"

"हो."

"त्याच्यात ते नाही."

"नाही."

ती माझ्याकडे किती वेळ पाहत होती कोण जाणे. बाटलीचा गारवा जाईल ही मला धास्ती. मग तिनं बाटली परत दिली आणि सुनेला म्हणाली, "दे वं हात."

मी सिरिंज भरली आणि टोचली. सुनेनं ओठ दाबला. दोन मिनिटांत झालं. मग एसटी आली आणि ती गेली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. दुसरी सुई इतक्या उशिरा, उपयोग होईल की नाही, हिशेब लावत बसायची. सुनेला कळा लागल्याचा निरोप आला आणि माय त्याच दिवशी तिकडे निघून गेली. मी बोटांवर दिवस मोजायची. पाचवा. सहावा. सातवा. आठव्या दिवशी मी कामावर गेले आणि एका बाईचा दंड चोळता चोळता तिला विचारलं, बाई, आज कोणता वार? तिनं सांगितलं, मी पुन्हा विचारलं. नववा गेला, दहावा गेला. तिकडून काहीच कळेना. वाईट बातमी असती तर आली असती, असं म्हणायची आणि वाईट बातमी द्यायला तरी कोण येणार, असंही म्हणायची.

बाराव्या दिवशी दुपारच्या एसटीतून माय उतरली. मी थांब्यावरच होते. मला बघून तिनं पिशवी खाली ठेवली.

"पोरगी झाली," ती म्हणाली. "पोटभर दूध पेते. इळ्यानंच कापली नाळ, तिकडे पण."

मी थांब्यावरच बसले आणि रडले. लोक बघत होते. माय म्हणाली, "उठा आता. रडाले काय झालं?" त्या दिवशी संध्याकाळी वरणाची वाटी आली. मी ती खाल्ली आणि ठरवलं, मायला खरं सांगायचं. उद्या. उद्याचं परवा झालं. पोरगी घरी आली, रांगायला लागली, माझ्या खोलीत येऊन थर्मासाशी खेळायला लागली. सुईच्या दिवशी गावातल्या बाया पुन्हा यायला लागल्या. मायच्या सुनेनं घेतली म्हटल्यावर कुणी टिकडीचं विचारीना. मीही सांगेना. पोरीला बघितलं की सांगावंसं वाटायचं आणि पोरीला बघितलं की सांगवायचं नाही.

दोन वर्षांनी माझी बदली कोंढ्याकडे झाली, नवऱ्याच्या जवळ. निघायच्या दिवशी मायनं ओसरीवर तांदळाचा कट्टा, छोटं पोतं, आणून ठेवला, तोंड सुतळीनं शिवलेला. घरचा तांदूळ, जुना.

"पाच टिकड्या हायेत त्याच्यात," ती म्हणाली. "मोजून काढजा, मंग शिजवजा."

"बरं, माय."

"माणसानं सांगून द्यावं."

ती नेहमीसारखंच बोलली होती. पण तिनं माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं त्या सकाळी बाटली हातात धरून पाहिलं होतं. माझ्या पायाखालचं सारवण सरकलं.

"माय, तुम्हाला माहीत होतं?"

"बाटली तेवढीच. झाकन तेच. हालवलं का पांढरं पानी तेच." तिनं खांद्यावरचा पदर सावरला. "कागद लाल होता फक्त. कोठीले दुसरा रंग मारल्यानं आतला तांदूळ बदलते का, बाई?"

"मग तुम्ही हात दे कशाला म्हणाल्या?"

मायनं पोरीला धरलं. ती कट्ट्यावर चढायचा प्रयत्न करत होती.

"पहिल्या वेळेस तुमाले कोनी जबरदस्ती केली नव्हती, तरी तुमी खरं सांगितलं. मंजे तुमाले खोटं बोलाची सवय नाही. त्या दिवशी तुमचं तोंड पाहिलं. म्हनलं, हे बाई एवढी घाबरून खोटं बोलून राहिली, त सुई टोचनं जरूरीच असन." मग आवाज खाली करून म्हणाली, "माह्या तोंडातून हो निघत नव्हतं. माहे दोन गेले तरी निघत नव्हतं. तुमी नाही म्हनल्या, म्हनून मले हो म्हनता आलं."

एसटीचा हॉर्न वाजला. मायच्या मुलानं कट्टा टपावर चढवला. मी मायच्या पाया पडले आणि एसटीत चढले.

कोंढ्याच्या खोलीत पोचल्यावर मी सामान लावायच्या आधी कट्टा उसवला आणि सूप घेऊन बसले. नवरा म्हणाला, "हे आत्ताच कशाला?" मी त्याच्यावर खेकसले. तासाभरात चार टिकड्या सापडल्या. पाचवी सापडेना. पुन्हा पसरले, पुन्हा पाखडले, डोळे दुखायला लागले. चिडचिड झाली. मनात आलं, मायनं मुद्दाम पाच सांगितल्या, चारच टाकल्या. मला खोटं काय असतं ते दाखवायला. तेवढा तिचा हक्कही होता.

मग रिकामा कट्टा उलटा करून झटकला. पाचवी टिकडी खालच्या शिवणीत, सुतळीच्या आड अडकली होती. मायनं पाच सांगितल्या होत्या, पाचच होत्या. मी तांदूळ धुतले आणि भात चढवला. त्या घरात राहून खोटं बोललेली मी एकटीच होते.